बिनगाठीचा दोरा

कोंडीराम गमरेला कुणी रस्त्यात "काय, कसं काय?" असं विचारलं, तर चारचौघांसारखं "बरंय" म्हणून तो कधी सुटला नाही. "कशाचं विचारताय?" तो उलट विचारायचा. "तब्येतीचं, घरचं, का कामाचं?" विचारणारा बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून बोललेला असायचा, त्याची बस समोर दिसत असायची. पण कोंडीराम तिन्हींची वेगवेगळी उत्तरं देऊनच त्याला मोकळा करायचा.

नायगावच्या बीडीडी चाळीत त्याचा एका खोलीचा संसार. खोली एक आणि डबे बावीस. लांब खिळे एका डब्यात, आखूड दुसऱ्यात, वाकडे तिसऱ्यात. बटणांचेही तसेच. त्यातला एक डबा तर फुटक्या, पण कधीतरी उपयोगी पडतील अशा बटणांचा होता. बायको कांता शेजारणींना सांगायची, "आमच्यात भांडण लागलं की हे आधी विचारतात, आजच्यावर भांडायचं का मागल्यावर? तोवर माझा राग जातो बाई." शेजारणी हसायच्या. कोंडीरामला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. दोन भांडणं एकत्र केली तर दोन्ही बिघडतात, हे त्याला अगदी उघड दिसायचं.

लालबागच्या एका मिलमध्ये तो तेलवाला होता, तोही बदलीचा. बदलीचा म्हणजे काय, तर रोज सकाळी भोंग्याच्या आधी दरवाजावर जाऊन उभं राहायचं. आत कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, सगळे आले तर चालत घरी यायचं. सहा वर्षं त्याची अशी गेली होती. मिलमधल्या सगळ्यांच्या तब्येती इतक्या ठणठणीत का, असा प्रश्न त्याला आठवड्यातून दोनदा तरी पडायचा.

आणि त्यातही त्याचं काम साळखात्यात. साळखातं म्हणजे जिथे साचे चालतात आणि कापड विणलं जातं ते खातं. कोंडीरामच्या बापाने त्याच मिलमध्ये एकतीस वर्षं काढली, पण सगळी रिंगखात्यात, सुताच्या धुरळ्यात. साळखात्याचं दार त्याला कधी उघडलं नाही. कारण एवढंच, की धोट्यात, म्हणजे साच्यात आडवं सूत घेऊन धावणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढावं लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हातात जायचा, म्हणजे तोंडातही जायचा. एवढ्याशा भोकापायी महारांच्या दोन पिढ्या साच्यापासून लांब ठेवल्या गेल्या. कोंडीराम तेलाची बुधली घेऊन आत शिरू शकला, कारण तेल घालायला तोंड लावावं लागत नाही. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती, पण धोट्याला ते कोण सांगणार?

तर ही सत्तावन्न सालची गोष्ट. मुंबईभर तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. चाळीच्या जिन्यात, न्हाव्याच्या दुकानात, नळावर, जिकडे तिकडे "झालाच पाहिजे" चालू होतं. कोंडीरामच्या डोक्यात मात्र दुसरंच काही झालं पाहिजे होतं. त्याला कायम व्हायचं होतं, आणि तेही साळखात्याच्या हजेरीपटावर.

साळखात्यात साचे चालू असले की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातवारे आणि ओठांवर. साचा बिघडला की साचेवाला हात उडवून जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सांगायचा. जॉबर कुणाला तरी पिटाळायचा खात्याच्या ऑफिसात, आणि तिथे बसलेले अच्युतराव ती तक्रार वहीत टिपून घ्यायचे. अच्युतराव ठाकूरद्वाराहून यायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं. एका तक्रारीखाली दुसरी, जशा आल्या तशा, वेळ घालून. "आठ पाच. सात नंबर लाईन, साचा एकतीस, सूत तुटते. आठ नऊ. चहा थंड मिळाला. आठ अकरा. पाच नंबर लाईन, पट्टा तुटून माणसाला लागला. आठ बारा. खिडकी उघडत नाही." सगळ्याला एकच शाई, एकच अक्षर. फिटर यायचा, वही उघडायचा, तीन पानं वाचायचा आणि डोकं खाजवत खिडकी उघडायला निघून जायचा. पट्ट्याचं दुपारी कळायचं.

"पण अच्युतराव, यातलं महत्त्वाचं कुठलं?" एकदा कोंडीरामने न राहवून विचारलं.

"महत्त्वाचं ठरवणारे आपण कोण?" अच्युतराव टाक पुसत म्हणाले. "जे आलं ते लिहिलं. माझ्या वहीतून एक ओळ सुटलेली दाखव, मी मिशी उतरवीन."

ओळ सुटलेली नव्हतीच. तिथेच तर सगळा घोळ होता.

उपाय कोंडीरामला सापडला तो कांताच्या पदरात. कांताला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लक्षात ठेवायच्या गोष्टीसाठी ती पदराला गाठ मारायची. एक गाठ म्हणजे रॉकेल, जवळजवळ दोन म्हणजे नणंदेकडे निरोप, टोकाशी घट्ट मारलेली म्हणजे काहीतरी तातडीचं. एका संध्याकाळी ती पदर हातात धरून गाठी सोडत बसली होती आणि कोंडीराम तिच्याकडे एकटक बघत होता. लग्नाला सात वर्षं झाली होती, तेव्हा कांताला जरा संशयच आला.

"काय बघताय?"

"तुझा पदर."

"आता काय तुमचं वय राह्यलंय का?" ती लाजून म्हणाली. कोंडीराम उठला, कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि जेवणाचंही भान विसरला. कांताचा गैरसमज दूर व्हायला पुढे दोन दिवस लागले.

त्याची युक्ती साधी होती. मिलमध्ये रंगीत काठाची लुगडी निघत, त्यामुळे रंगीत सुताचे तुकडे पायाखाली पडलेले असत. दर साच्याच्या कडेला एक खिळा मारायचा. काही बिघडलं की साचेवाल्याने तिथे सुताचा तुकडा अडकवायचा. बिघाड कसला ते गाठींवरून कळेल. एक गाठ म्हणजे पट्टा, दोन म्हणजे धोटा, तीन म्हणजे तेल, चार म्हणजे सूत तुटतंय. आणि घाई किती ते रंगावरून. पांढरा म्हणजे नुसतं कानावर घालतोय, पिवळा म्हणजे आज बघून जा, लाल म्हणजे आत्ता धावत या. तेल घालता घालता कोंडीराम दर अर्ध्या तासाने दोरे गोळा करणार, ज्या साच्याचा दोरा त्याचा नंबर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून दोऱ्याला बांधणार आणि ऑफिसातल्या फळीवर ज्याच्या त्याच्या खिळ्यावर टांगणार. पट्टेवाल्या फिटरने पट्ट्याचा खिळा बघायचा, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

हे त्याने खात्याच्या मास्तरांना, मनमोहन तळपदे साहेबांना सांगितलं. तळपदे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. माटुंग्याच्या टेक्निकलला शिकलेले, विलायती मासिकं वाचणारे आणि मिलमध्ये कुणी काही नवं सांगितलं की डोळे चमकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तीन महिने करून बघ. फिटरांची फुकटची धावपळ कमी झाली, साचे बंद राहायचे कमी झाले, तर तुला मी साळखात्यात कायम करतो. नाही झालं, तर पुन्हा दरवाजावर. पटतंय?"

"साहेब, हजेरीपटावर नाव कुठल्या खात्याचं?"

"साळखात्याचं म्हटलं ना!"

कोंडीराम त्या दिवशी लालबागहून नायगावला चालत गेला नाही, पळत गेला.

पहिला आठवडा मात्र असा गेला की विचारू नका. सगळ्यांनी लाल बांधले. कुणाच्या साच्याला जरा तेल कमी वाटलं, लाल. सूत एकदा तुटलं, लाल. दुसऱ्याने लाल बांधला म्हणून आपणही लाल. फळी अशी दिसायला लागली की जणू कुणी कुंकवाचा करंडा उपडा केलाय. फिटरने पाना जमिनीवर आपटला आणि कोंडीरामला त्याच्या बापापासून सुरुवात करून बरंच काही ऐकवलं. अच्युतराव वहीत तेही टिपून घेत होते.

सगळेच ओरडले तर कुणाचंच ओरडणं ऐकू येत नाही, हे कोंडीरामला कळत होतं. पण लोकांना दटावणारा तो कोण? बदलीचा तेलवाला. दोन दिवस त्याने विचार केला आणि तळपदे साहेबांकडून एक नियम मंजूर करून आणला. लाल दोरा ज्याने बांधला त्याने स्वतःच्या हाताने साचा बंद करायचा आणि फिटर येईपर्यंत शेजारी उभं राहायचं. बस्स, एवढंच. साचेवाल्याची मजुरी विणलेल्या वारांवर, साचा थांबला की कापड थांबलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या खात्यात लाल दोरे किती? तीन. आणि तिन्ही खरे.

लालची भरती ओसरली तशी पांढऱ्याची सुरू झाली. पांढरा बांधायला काही मोजावं लागत नाही म्हटल्यावर लोकांना कंठ फुटला. वाटेल तेवढ्या गाठी मारायचे आणि कोंडीराम दोरा घ्यायला आला की ओठांनी सांगायचे. साहेबांना सांगा, चहा पातळ झालाय. शेजारचा माणूस पानाच्या पिचकाऱ्या मारतो. कबुतरं आत येतात. कोंडीराम सगळे दोरे इमानाने आणायचा, पण त्यांच्यासाठी त्याने खिळा मारला तो ऑफिसच्या दाराच्या मागे. दार उघडं असलं की तो खिळा दिसायचा नाही, आणि ऑफिसचं दार कायम उघडंच असायचं. त्या खिळ्याला त्याने मनात नाव ठेवलं होतं, बडबड.

त्या बडबडीत सगळ्यात नियमाने भर घालायचे रघुदादा सावंत. सात नंबर लाईनवरचे जुने साचेवाले, गाव सावंतवाडीकडचं, साच्यावर सत्तावीस वर्षं काढलेली. माणूस मिश्कील, हाताचा कसबी आणि सभेला सगळ्यांच्या पुढे. कोंडीरामशी ते बोलायचे, थट्टा करायचे, तंबाखूही द्यायचे. फक्त देताना चिमूट त्याच्या तळहातावर वरून सोडायचे, बोट लागणार नाही अशी. त्यांच्या मनात काही वाईट होतं असंही नाही. लहानपणापासून तशीच सवय. पण कोंडीरामचं लक्ष दरवेळी तंबाखूकडे न जाता त्या मधल्या चार बोटांच्या अंतराकडे जायचं, आणि त्याला वाईट वाटायचं ते वाटायचंच.

रघुदादांचा दोरा पांढरा असायचा आणि त्याला गाठच नसायची.

"दादा, गाठ मारा ना. कसला बिघाड समजू मी?" जेवणाच्या सुट्टीत कोंडीरामने विचारलं.

"गाठ कसली मारतलंय? काय बिघाडला ता माका ठावक असता तर मीच सांगलंय नसतंय? आवाज येगळो येता."

"कशाचा?"

"ताच तर कळणा नाय. पण कायतरी आसा."

कोंडीरामने जाऊन बघितलं. साचा व्यवस्थित, पट्टा नीट, तेल भरपूर. आवाज म्हणाल तर पाचशे साच्यांच्या खडखडाटात एक वेगळा आवाज कुणाला ऐकू येणार? म्हाताऱ्याचे कान वाजत असतील असं म्हणून त्याने बिनगाठीचा दोरा दाराच्या मागे टांगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच दोरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा तर कोंडीराम वैतागून म्हणाला, "दादा, कायतरीचा खिळा नाही आमच्याकडे."

"मग मार," रघुदादा शांतपणे म्हणाले आणि वरून तंबाखू सोडली.

तीन महिने संपत आले. फळी सुरेख चालली होती. फिटरांची धावपळ निम्म्यावर आली होती आणि तळपदे साहेब पाहुण्यांना मुद्दाम ती फळी दाखवायला आणत. शुक्रवारी दहा वाजता कोंडीरामला त्यांनी बोलावलं होतं. काय ते त्या दिवशी ठरणार होतं. कांताने चाळीतल्या तिघींना सांगून टाकलं होतं, आणि तिघींना सांगणं म्हणजे चाळीला सांगणंच.

गुरुवारी दुपारी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. सगळ्या खात्यांनी अर्धा दिवस काम करून जायचं ठरवलं होतं. बाराचा भोंगा झाला आणि साचे एकेक करून थांबायला लागले. बारा नंबरची लाईन, अकरा नंबरची, दहा. माणसं टोप्या चढवत, घोषणा देत बाहेर पडली. रघुदादांचा आवाज जिन्यातून वर येत होता. कोंडीराम उरलेले दोरे गोळा करत मागे राहिला होता. साचे बंद झाले, पण छताखालचे शाफ्ट अजून फिरत होते. लाईनभर लांबीचा लोखंडी दांडा, त्याच्यावरून पट्टे खाली येतात आणि चाळीस साचे चालवतात. मोटर बंद केल्यावरही तो मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो.

भोंगा झाला की एरवी तोही सगळ्यांबरोबर बाहेर पडायचा, त्यामुळे एवढ्या वर्षांत कोंडीरामने ते खातं असं शांत होताना कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या शांततेत सात नंबर लाईनीवरून आवाज आला. कर्र, टक्. कर्र, टक्.

आवाज रघुदादांच्या साच्याच्या बरोबर वरून येत होता. शाफ्ट थांबला तसा त्याने शिडी लावली आणि वर जाऊन शाफ्ट ज्या बेअरिंगवर टेकलेला होता त्याला हात लावला. बोटं भाजली. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या बोल्टाशी एक केसाएवढी काळी रेघ दिसत होती. त्या लोखंडाखाली रोज बारा माणसं उभी राहायची.

खाली उतरून तो ऑफिसात गेला आणि दार लावलं. बडबडीच्या खिळ्यावरचे बिनगाठीचे दोरे मोजले. अकरा. मग त्याने फळीवरचे जुने दोरे काढले आणि त्यातले फक्त सात नंबर लाईनीचे टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. सूत तुटण्याचे वेगळ्या खिळ्यावर होते, पट्टा घसरण्याचे वेगळ्या. सुताच्या माणसाने सूत बघितलं, पट्ट्याच्या माणसाने पट्टा बघितला. आता सगळे एका रांगेत आले तर दिसत होतं, की रघुदादांनी पहिला बिनगाठीचा दोरा बांधला त्यानंतर दोनच दिवसांनी त्या लाईनीवर सूत जास्त तुटायला लागलं, आणि आठवड्याने पट्टे घसरायला लागले. सगळं एकाच बेअरिंगचं दुखणं. त्याने ते इतकं छान वेगवेगळं लावलं होतं, की कुणालाही दिसू नये.

सांगायला कुणी नव्हतं. फिटर सभेला, साहेब घरी, अच्युतरावही छत्री घेऊन निघून गेलेले. त्याने रंगीत सुतातून लाल दोरा निवडला, पुन्हा शिडी चढला आणि शाफ्टला बांधला. साच्याला लाल दोरा बांधला की एक साचा थांबतो. शाफ्टला बांधला की चाळीस थांबतात. असं कुणी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी कांता सभेहून आली ती घसा बसवून घेऊन. ती भाकऱ्या थापत असतानाच कोंडीरामने तिला सगळं सांगितलं.

"उद्या दहा वाजता निकाल आहे," कोंडीराम म्हणाला. "सकाळी सातला चाळीस साचे बंद दिसले की साहेब विचारणार, हे आधी कुणी का नाही सांगितलं? आणि सांगितलं तर होतं. मीच दारामागे टांगलं. हे बोललो की नोकरी गेली."

कांताने तव्यावरची भाकरी उलटली. "अवो, तुमच्या त्या लाल दोऱ्याचा नियम काय?"

"ज्याने बांधला त्याने शेजारी उभं राहायचं."

"मग राहा उभे," ती म्हणाली. "चाळीला काय सांगायचं ते मी बघते."

सकाळी कोंडीराम सगळ्यांच्या आधी जाऊन सात नंबर लाईनीवर शाफ्टखाली उभा राहिला. साचेवाले आले, साचे चालू होईनात तसे भडकले. मजुरी जाते म्हटल्यावर कोण गप्प बसेल? कुणी म्हणालं, फळीने याच्या डोक्यात वारं गेलंय. अच्युतराव वही घेऊन आले आणि मोठ्याने म्हणत लिहू लागले, "सात वाजता. शाफ्टास लाल दोरा. बांधणार, तेलवाला गमरे." रघुदादा मात्र मान वर करून शाफ्टकडे बघत राहिले.

तळपदे साहेब आले ते तांबडेलाल होऊन. "कुणाला विचारून बांधलास?"

"विचारायला कुणी नव्हतं साहेब. वरचं बेअरिंग उघडून बघा. काही निघालं नाही तर मी आत्ता दरवाजावर जातो."

फिटर वर चढला. त्याने पाना लावला मात्र, बोल्टाचं डोकं त्याच्या हातात आलं. आतला बुश झिजून कागदासारखा झाला होता. फिटरने तुटलेलं डोकं खाली आणून साहेबांच्या हातात दिलं. ओरडणाऱ्यांपैकी ज्यांची जागा बरोबर खाली होती ते हळूच दोन पावलं बाजूला सरकले.

"हे एका दिवसात झालेलं नाही," साहेब म्हणाले. "आधी कुणीच कसं नाही सांगितलं?"

ही वेळ होती. कोंडीरामने एकदा अच्युतरावांच्या टाकाकडे बघितलं. "सांगितलं होतं साहेब. रघुदादांनी, अकरा वेळा. त्यांच्या दोऱ्याला गाठ नव्हती. कुठल्या खिळ्यावर लावायचा ते कळेना, म्हणून मी बडबडीत टाकला. चूक माझी."

कुणी काही बोलायच्या आत अच्युतराव खाकरले. "एकट्याची नाही," ते म्हणाले आणि वहीची मागची पानं उलटू लागले. त्यांचा चेहरा पडला होता. "ही बघा. फळी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यातली. सात नंबर लाईन, साचा चोवीस, सावंत, आवाज वेगळा वाटतो. माझ्याच अक्षरात आहे. मी लिहिलं आणि खाली कबुतरांचं लिहिलं." त्या माणसाने स्वतःची वही अशी स्वतःच उघडून दाखवली, याबद्दल कोंडीरामला त्यांचं पुढे जन्मभर कौतुक वाटलं. मिशी उतरवायची वेळ मात्र कुणी त्यांच्यावर आणली नाही.

दहा वाजता कोंडीराम साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. साहेबांनी बोल्टाचं डोकं कागदांवर ठेवलं होतं.

"वहीत सगळं राहतं, पण कुणी वाचत नाही," ते म्हणाले. "तुझी फळी सगळे वाचतात, पण तिच्यावर जे बसत नाही ते तू फेकून देतोस. आता काय करायचं?"

कोंडीराम रात्रभर त्याचाच विचार करत होता. "साहेब, एक निळा दोरा काढू. त्याला गाठ नाही. निळा म्हणजे, काय ते माहीत नाही, पण काहीतरी आहे. तो फिटरकडे जाणार नाही. तो बांधला की मी स्वतः त्या साच्याशी पंधरा मिनिटं उभा राहणार, नुसता ऐकत. आणि शनिवारी प्रत्येक लाईनीचे सगळे दोरे खिळ्यांवरून काढून एका रांगेत मांडून बघणार."

"आणि बडबडीचा खिळा?"

"राहील साहेब. चहा खरंच पातळ आहे. पण खिळा दाराच्या पुढे."

तळपदे साहेब हसले, हजेरीपट ओढला आणि साळखात्याच्या पानावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं, कोंडीराम धोंडू गमरे. कोंडीरामने बापाचं नाव त्या पानावर दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

दुपारी नवं बेअरिंग बसलं, सात नंबरची लाईन चालू झाली. कोंडीराम निळ्या सुताची लडी घेऊन पहिला गेला तो रघुदादांकडे. त्यांनी एक तुकडा तोडून ताबडतोब खिळ्याला बांधला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आज काय बिघडूक नाय! पण बांधलो. आता पंधरा मिन्टां हय उभो रव!"

नियम नियम. कोंडीराम उभा राहिला. साचा धडधडत होता, आवाज स्वच्छ होता. एवढ्यात कांडी संपली. रघुदादांनी साचा थांबवला, धोटा काढला, नवी कांडी आत बसवली. आणि धोटा तोंडाला लावायच्या ऐवजी त्यांनी तो कोंडीरामपुढे धरला.

कोंडीरामला कळेना. रघुदादांनी हनुवटीने खूण केली. ओढ.

आजूबाजूचे चार साचेवाले बघत होते. कोंडीरामने धोटा हातात घेतला, भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. सूत आलं, पण त्याच्याबरोबर कापसाचा धुरळाही घशात गेला आणि तो खोकून खोकून बेजार झाला. रघुदादा पोट धरून हसले. पाठीवर थाप मारली, ती चांगली हात टेकवून. मग त्यांनी धोटा परत घेतला. सूत आत निसटलं होतं. धोटा त्यांनी धोतराला पुसला नाही, हाताने पुसला नाही, तसाच उचलून स्वतःच्या ओठांना लावला आणि एका झुरक्यात सूत बाहेर काढून साचा चालू केला.

संध्याकाळी कांता दारात उभी होती, तिच्यामागे निम्मी चाळ. कोंडीरामने आत येऊन चपलाही काढल्या नाहीत. धोटा कसा पुढे आला, ओठ कसे लावले, खोकला कसा आला आणि मग दादांनी न पुसता तोच धोटा कसा तोंडात धरला, हे त्याने तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती रडत होती आणि हसतही होती.

कायम झालो हे सांगायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना कांताने आठवण करून विचारलं, तेव्हा तिला कळलं.